अनिलची हार्ड डिस्क आणि माझी नोंदवही

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.
स्थळ : रत्नागिरी, नाचणे रस्त्यावरचा आमचा फ्लॅट, दुसरा मजला, पुढची खोली.
हजर : मी, ऑफिसातून लवकर आलेली. संदेश, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, वय चाळीसच्या आसपास, जुन्या ओळखीचा. विजयाकाकू, समोरच्या फ्लॅटमधल्या, वय त्र्याहत्तर, चहा होईपर्यंत.
गैरहजर : रुचा, माझी मुलगी, बंगळुरूला नोकरीला.

हे आधी लिहिलं, कारण इथे लोकांनी टाकलेले भुताखेतांचे अनुभव वाचताना माझी एकच तक्रार असते... कोणी वेळ नोंदवत नाही. ‘एकदा संध्याकाळच्या सुमारास’ म्हणजे किती वाजता? बरोबर कोण होतं? मी एका शाळेच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं आहे, आता मुख्य लिपिक. ज्याची नोंद नाही ते झालंच नाही, असं समजणाऱ्यांतली. आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक झाड आणि प्रत्येक झाडाची एक गोष्ट असते. लहानपणी त्या गोष्टी चालू असताना मी फणसाच्या आठळ्या सोलत बसायचे, आणि सोलून झाल्या की उठायचे. भ्यायला वेळ नव्हता मला.

त्यामुळे पुढचं जे आहे ते माझ्याकडे तारीखवार आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

माझा नवरा अनिल फोटोग्राफर होता. लग्नं, मुंजी, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो. गेल्या वर्षी जानेवारीत, म्हणजे वरच्या तारखेच्या दहा महिने आधी, दुपारी, स्टुडिओतच त्याला हार्ट अटॅक आला. मी ऑफिसात होते. त्या वेळी तिथे दुसरं कोणी नव्हतं.

नंतर स्टुडिओ मीच आवरला. कोणाचे अल्बम राहिलेत, कोणाचे व्हिडिओ द्यायचेत, यादी केली आणि मे अखेरपर्यंत सगळं ज्याचं त्याला पोचवलं. हार्ड डिस्क पाच होत्या. चार तपासल्या, हवं ते दोन-दोन ठिकाणी कॉपी केलं. पाचवीत सगळं जुनंच होतं, आणि ‘टेस्ट’ नावाचा एक फोल्डर.

अनिलची एक सवय होती. प्रत्येक कामाला निघण्याआधी कॅमेरा स्टँडवर लावायचा, आणि हातात राखाडी पुठ्ठा धरून स्वतःच त्याच्यासमोर उभा राहायचा. उजेड बघायला, माइक बघायला. तीस-चाळीस सेकंद काहीतरी बोलायचा आणि बंद करायचा. ते तुकडे त्यानं कधी पुसले नाहीत. "अरे, जागा खातंय ते," असं मी दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणायचे. "खाऊ दे गं, डिस्कला कुठे पोट सुटतंय," असं तो म्हणायचा.

माझ्या यादीत चौदावा नंबर होता : ‘टेस्ट’ — नको. पुसायचाही होता, पण त्याच आठवड्यात ऑफिसात तपासणी आली आणि राहिलं.

सप्टेंबरात रुचाचा फोन आला.

"आई, तुझ्याकडे बाबांचा आवाज आहे का?"

"आवाज म्हणजे?"

"रेकॉर्डिंग गं. माझा फोन बदलला त्यात सगळं गेलं. काल बसमध्ये त्यांनी मला हाक मारलेली आठवून बघत होते... शब्द आठवतात. आवाज येत नाही."

मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि स्वतः प्रयत्न केला. ‘माधवी, पाणी देतेस का’ हे वाक्य मी हजारदा ऐकलेलं. मनात ते माझ्याच आवाजात येत होतं.

नवल वाटेल, पण फोटोग्राफरच्या घरच्या फोटोंत फोटोग्राफर नसतो. माझ्या फोनमध्ये त्याचे मेसेज होते, तेही ‘हो’ आणि ‘येतो’. शेकडो लग्नांच्या व्हिडिओत तो कॅमेऱ्यामागे, आणि वरून सनई. त्याचा आवाज होता तो फक्त ‘टेस्ट’मध्ये. चौदावा नंबर खोडून परत लिहिला : ‘टेस्ट’ — पाहिजे. काम नेमून दिलं दसऱ्याच्या सुट्टीला.

आता माझी चूक सांगते.

दसऱ्याला अनिल सगळी यंत्रं पाटावर मांडायचा. कॅमेरे, लेन्स, स्टँड, आणि डिस्कसुद्धा. गंध, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. या खेपेला ते मी केलं. विजयाकाकू दारातूनच म्हणाल्या, "अगो, वर्षाच्या आत सण करायचा नसतो." मी म्हटलं, "सण नाही काकू, यंत्रांची पूजा आहे. त्यांचं कोणी गेलेलं नाही." हे मी का बोलले कोण जाणे.

पाचवी डिस्क वरच्या खोक्याशिवायची, उघडी होती. तिच्या धातूच्या पाठीवर एक बारीक भोक असतं. हवा आतबाहेर व्हायला. हे बुजवू नका, असं शेजारी इंग्रजीत छापलेलंही असतं. अनिल गंध कडेला लावायचा, ते त्याला माहीत होतं. मी नीटनेटकी बाई... बरोबर मध्ये गोल दिसला, तिथेच ओलं गंध टेकवलं आणि वर अक्षता दाबली.

दुसऱ्या दिवशी डिस्क लावली तर आतून टिक... टिक... टिक. फोल्डर दिसेना. काढली, परत लावली. असं सहा वेळा. वेळांसकट लिहून ठेवलंय. तुमच्यापैकी कोणाची डिस्क असा आवाज करायला लागली तर सहा काय, दुसऱ्यांदाही लावू नका. बंद करा, आणि कॉम्प्युटरनं ‘दुरुस्त करू का’ विचारलं तर नाही म्हणा. हे मला नंतर कळलं.

दिवाळी झाल्यावर ती संदेशच्या दुकानात नेली. त्यानं डिस्क उलटी केली आणि माझ्याकडे बघितलं. "वहिनी, हे काय?"

"दसरा."

"तांदूळ आहे हा!"

"अक्षता आहे."

"नाकात बोळा घातलात तिच्या." मग माझं तोंड बघून म्हणाला, "नाय, यानंच गेली असं नाय. आठ वर्षांची आहे ती, खारी हवा आहे, जायचीच होती. मागे एकानं लॅपटॉपला नारळ वाढवलेला. पाणी थेट कीबोर्डात. त्यापेक्षा तुम्ही बऱ्या."

संदेश मूळचा लांज्याकडचा. मुंबईत बारा वर्षं हेच काम करून परत आलेला. स्टुडिओतली सगळी मशीन्स त्यानंच लावलेली, अनिलला ‘भाऊ’ म्हणायचा. त्यानं कामाची पद्धत सांगितली. आजारी डिस्कमधून फायली एकेक करून काढायच्या नाहीत. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवायची. आजारी डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. मग शोधाशोध काय ती नकलेत.

"हा प्रोग्रॅम सोपं असेल ते आधी वाचून घेतो," तो म्हणाला. "अडलं तर हट्ट करत नाय, सोडून पुढे जातो. आणि काय झालं, काय राहिलं याची यादी ठेवतो. मध्येच बंद केलं तरी दुसऱ्या दिवशी तिथून पुढे."

"शहाणा आहे," मी म्हटलं. मला प्रोग्रॅम आवडला.

त्या दिवशी त्याच्या दुकानात अर्धा तास बसले, दोन टक्के होताना बघितले आणि घरी आले. त्यानंतर चार दिवस त्यानं डिस्क लावून ठेवली, थंड केली, उलटी केली, उभी केली. दोनाचे तीन झाले नाहीत.

७ नोव्हेंबरला तो ती परत द्यायला आला. मुंबईला पाठवायची, तिथे धूळ नसलेल्या खोलीत उघडतात, आतले भाग बदलतात, पण खात्री कोणी देत नाही... असं सगळं सांगून झालं. विजयाकाकूंनी चहा घेतला आणि त्या कुकर लावायला गेल्या. मी म्हटलं, पाठवण्याआधी आवाज कसा येतो तेवढा ऐकव, मला लिहून ठेवायचंय. त्यानं अनिलच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, डिस्क लावली. "हात लावू नका कशाला," म्हणाला, म्हणून मी शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले.

टिक. टिक. मग टिकटिक थांबली, आणि एकसारखी बारीक घरघर सुरू झाली.

"आयला," संदेश म्हणाला. "वाचतेय." थोड्या वेळानं म्हणाला, "वहिनी, हलू नका हां," आणि हसला.

तो विनोद होता. चार वाजून दोन मिनिटांनी मी कपबश्या ठेवायला उठले. टिक, टिक. परत येऊन बसले. घरघर.

आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. पाच वाजेपर्यंत सहा टक्के झालं. संदेशनं लॅपटॉप आणि सगळी जोडणी माझ्याकडेच ठेवली. "तिला तुमचं घर मानवतंय, तर इथेच राहू दे. दिवसा चालवा, छोटा पंखा लावा, संध्याकाळी बंद करा."

दुसरा दिवस दुसरा शनिवार, मला सुट्टी. वहीत चार रकाने पाडले : वेळ, किती टक्के, काय आवाज, शेरा. साडेनऊला सुरू केलं. अकरा वीसला गॅसवाला आला, अकरा सत्तावीसला गेला. सात मिनिटं टिकटिक. पावणेबाराला भाजी फोडणीला टाकली. टिकटिक. साडेबारापर्यंत शेऱ्याच्या रकान्यात ‘मी स्वयंपाकघरात’ असं पाच वेळा लिहून झालं होतं, आणि पाचही वेळा आकडा जागचा हलला नव्हता.

योगायोग पाचदा होत नाही, हे मला हजेरीपट बघून बघून माहीत आहे. संदेशला फोन केला.

"वजन असेल," तो म्हणाला. "तुम्ही बसलात की लादी दबते, टेबल एका बाजूला कलतं. या डिस्क कलण्यावर चालतात कधी कधी."

पटलं. तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं ओढत आणून खुर्चीत बसवलं. वर कणकेचा डबा, वर खलबत्ता. मी किती किलोची आहे ते इथे लिहीत नाही. स्वयंपाकघरात जाऊन ऐकलं.

टिक. टिक. टिक.

विजयाकाकूंना बोलावलं. "नुसतं बसायचं काकू. दहा मिनिटं."

"कशाला गो?"

"यंत्र तपासायचंय."

काकू बसल्या. मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. दहा मिनिटांनी आत आले तर काकू डिस्ककडे रोखून बघत होत्या. "मला बघून दात खातोय मेला! मी निघाले."

दुपारी मी लसूण सोलायला घेतला, तिथेच, खुर्चीत बसून, म्हणजे वेळ वाया जायला नको. टिकटिक सुरू झाली. मला राग आला. आता तर मी जागेवर होते! लसणाचं ताट खाली ठेवलं, उठून तार तपासायला. पण उठले नाही, कारण ताट खाली ठेवल्याबरोबर ती शांत झाली होती. ताट उचललं. टिक. ठेवलं. घरघर. इस्त्रीचे कपडे घडी घालून बघितले. टिक. ऑफिसची फाइल उघडून बघितली. टिक.

हे सगळं वहीत आहे. दोन वाजून चाळीस ते तीन वाजून पाच. शेवटच्या ओळीत लिहिलंय : ‘काहीही न करता बसल्यास वाचते.’

ते वाक्य लिहून झालं, आणि मग मला एक गोष्ट आठवली.

अनिल रोज दोन वाजता जेवायला घरी यायचा आणि चारपर्यंत या टेबलाशी अल्बमचं काम करायचा. मी ऑफिसात असायचे. रविवारी आणि सुट्टीला घरी असले की तो हाक मारायचा, "ये ना गं इकडे."

"काय काम आहे?"

"काम नाही. नुसती बस."

"बसून काय करू?"

सव्वीस वर्षं हेच संभाषण. कधी बसलेच तर हातात काहीतरी असायचं. निवडायची भाजी, तपासायची बिलं. मग तो म्हणायचा, "हे बसणं नव्हे." आणि मी म्हणायचे, "मग तू कर माझी कामं, मी बसते."

मी रडले वगैरे नाही. वही मिटली, पंख्याची दिशा तपासली आणि बसले.

सोमवार ते बुधवार रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’. आमच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुम्ही? तीन दिवस?"

नुसतं बसणं मला येत नाही, हे पहिल्या तासातच कळलं. हात आपोआप काहीतरी शोधतात. दहा मिनिटांनी मान दुखते. वीस मिनिटांनी वाटतं की तास झाला. भिंतीवर पूर्वी कॅलेंडर होतं तिथे एक फिका चौकोन आहे, तो मी चार वर्षांत पहिल्यांदा बघितला. अकराला खालून मासेवालीची हाक येते, नंतर शाळेची गाडी, आणि एक वाजल्यानंतर काही नाही. सगळी बिल्डिंग कामावर गेलेली असते, उरलेली झोपलेली. दोन ते चार आमच्या घरात इतकं सुनसान असतं, हे मला माहीतच नव्हतं. कामाच्या दिवशी मी त्या वेळी कधी घरी नसतेच. नळाचा एक थेंब पडला तरी इथपर्यंत ऐकू येतो.

आणि तो रोज या वेळेला इथे असायचा.

भीती म्हणाल तर नाही वाटली. कोणी आहे असंही वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. सावली दिसली नाही, वास आला नाही, अंगावर काटा आला नाही. फक्त मी होते आणि घरघर होती. मनात काही आलं तर ती जरा अडखळायची. मग मी पुन्हा तिच्या आवाजाकडे लक्ष द्यायचे. मंगळवारी संध्याकाळी एक्क्याऐंशी टक्के. बुधवारी संध्याकाळी अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात. तिथे ती थांबली.

गुरुवारी ऑफिसातून लवकर आले, संदेश आला. नक्कल उतरलेली डिस्क त्यानं उघडली. ‘टेस्ट’ होता. दोनशे बारा तुकडे. त्यानं मधलाच एक लावला.

भाट्याचा किनारा, मागे सुरूची झाडं. अनिल पुठ्ठा धरून उभा, निळा शर्ट, केस वाऱ्यानं कपाळावर. "हॅलो, हॅलो. येतोय का आवाज? वारा डावीकडून आहे. नवरा अजून आलेला नाही, नवरीचा मामा दोनदा येऊन गेला. एक... दोन... मामा परत आला." आणि हसला, आणि बंद.

अडतीस सेकंद. संदेश उठून खिडकीशी गेला आणि तिथून खाली बघत राहिला. "भाऊंचा ‘र’," म्हणाला. "थोडा जड होता. विसरलो होतो मी."

मीही विसरले होते. असा होता आवाज. मला वाटत होतं त्यापेक्षा बारीक.

आणखी चार-पाच लावले. एक आमच्या याच खोलीतला होता. तो कॅमेऱ्याकडे बघून एक-दोन-तीन म्हणतो, मग दाराकडे मान वळवून, "माधवी, जरा इथे येऊन उभी राहतेस? उजेड बघायचाय." आणि आतून एक बाई बोलते, खणखणीत, "मला वेळ नाही, तुझं तू बघ!" तो परत कॅमेऱ्याकडे बघतो. हात पुढे करून बंद करतो.

"चहा टाकते," मी म्हटलं.

चहा घेता घेता संदेशनं प्रोग्रॅमची स्वतःची नोंद काढली. कोणत्या मिनिटाला किती वाचलं, हे तो आपसूक लिहून ठेवतो. माझ्या वहीशी ताडून बघायची कल्पना माझीच. मी वाचत होते, तो पडद्यावर बघत होता.

"शनिवार, अकरा वीस ते अकरा सत्तावीस, गॅस."

"शून्य."

"अकरा पंचेचाळीस, फोडणी."

"शून्य."

"एक दहा ते एक पस्तीस, जेवण."

"शून्य." तो आता खुर्चीत पुढे सरकून बसला होता. "आणि बसलात ते?"

"एक छत्तीस."

"एक छत्तीसला सुरू." त्यानं कप खाली ठेवला. "वहिनी, मला नाय आवडत हे."

रविवार जुळला. सोमवार जुळला. मंगळवारच्या नोंदीशी आल्यावर तो एकदम म्हणाला, "थांबा, थांबा! तीन पाच ते तीन चाळीस तुम्ही काय करत होतात?"

वहीत स्पष्ट होतं. "बसून."

"नक्की?"

"पेनानं लिहिलंय."

"मग हे बघा. शून्य. पस्तीस मिनिटं शून्य. तुम्ही बसला होतात तरी बंद होती." त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तुमचा काय संबंध नाय! डिस्कच मध्येमध्ये अडत होती. बाकीचं जुळलं ते योगायोग. आपण उगाच काय काय डोक्यात घेऊन बसलो!"

मलाही इतकं हलकं वाटलं की मी हसले. हा हिशेब जुळला नाही याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. संदेश म्हणाला, राहिलेला एक पूर्णांक तीन टक्के हा खरा खराब भाग. सुमारे अकरा तुकडे त्यात अडकलेत, शेवटच्या महिन्यातले धरून. ते काढायचे तर आता प्रोग्रॅमला हट्ट करायला लावायचा, त्याच जागेवर परत परत. पाच-सहा तास सलग. त्यात डिस्क कायमची जाऊ शकते. "घाई नाय. लॅपटॉप राहू दे तुमच्याकडे. तुम्हाला वाटेल तेव्हा एंटर दाबा. की मी येऊ?"

"मी दाबेन," मी म्हटलं.

तो गेल्यावर वही मिटायला घेतली. माझ्या वह्यांना दोन्ही बाजूंनी उपयोग असतो. पुढून नोंदी, मागून बाजारहाट. वही उलटी झाली आणि मागचं पान उघडलं. माझं अक्षर, वर तारीख, मंगळवारची : तूरडाळ एक किलो, पोहे, चहा पावडर, साबण तीन, रुचासाठी कोकम. पूर्ण पानभर, एकतीस वस्तू.

तारीख असली की मी वेळही घालते. सवय. तीन पाच, असं लिहिलं होतं.

संदेशला मी हे सांगितलेलं नाही. तो हे वाचत नाही, त्याला इंग्रजी व्हिडिओ आवडतात. विजयाकाकूंना सांगितलं असतं, पण त्यांनी लगेच नारळ द्यायला लावला असता. रुचाला दोनशे एक तुकडे पाठवले... खरं तर दोनशे. घरातला तो एक नाही पाठवला. मग तिचा फोन आला. म्हणाली, "आई, आता मला हाक ऐकू येते." मी म्हटलं, दोन ठिकाणी कॉपी करून ठेव.

हे काय होतं, मला सांगता येत नाही. कलतं टेबल असेल, दमट हवा असेल, माझं अंग आणि तार यांच्यामध्ये विजेचं काहीतरी असेल. मी तीन जाणकारांना पत्त्याशिवाय, नावाशिवाय विचारलं. एकानं तीन कारणं दिली, एकानं एक, तिसरा म्हणाला बाई, तुमची नोंद चुकली असेल. ते शेवटचं मी मानणार नाही.

आता फेब्रुवारी आहे, हापूसला बारीक कणी धरलीये. गुरुवारी हे लिहितेय. डिस्क टेबलावरच आहे, फडक्याखाली, भोक उघडं ठेवून. संदेशनं एकदा विचारलं, लॅपटॉप लागणार होता, कधी करताय? मी म्हटलं, रविवारी.

पाच-सहा तास. हातात काही नाही, डोक्यात काही नाही. मध्येच मनात साबण आले तर ती अडखळेल, आणि या वेळी अडखळली तर परत उठेल का, हे संदेशलाही माहीत नाही. आणि सगळं नीट झालं, अकराच्या अकरा तुकडे आले, तर सोमवारी दुपारी त्या खुर्चीत बसायचं मला काही कारण उरणार नाही. तसं आताही डिस्क बंदच असते. तरी सुट्टीच्या दिवशी दोनला मी तिथे जाऊन बसते. अजून धड जमत नाही. परवा वीस मिनिटं जमलं.

दर शनिवारी मी रविवारची यादी करते आणि मागच्या रविवारची न झालेली ओळ पुढे उतरवते. एकोणतीस वर्षांत कुठलीच ओळ दोनदापेक्षा जास्त उतरवलेली आठवत नाही. ही पंधरा वेळा उतरवली आहे :

‘राहिलेला १.३ टक्के. एंटर दाबणे. बसणे.’